सतरावी बस

दोन हजार सहा सालच्या जूनमध्ये, एका सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, माझ्या भाचीची बस इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या एका शेतातून ओढून बाहेर काढण्यात आली. बसचा गिअरबॉक्स त्या वेळी जागेवर नव्हता. तो बसच्या आत, भाचीच्या पलंगाशेजारी ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेला होता. भाची रिकव्हरी ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली होती. मी फाटकापाशी उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

बस काढावी लागली ती माझ्यामुळे. कशी, ते क्रमाने लिहितो.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती मुलगी. ताई आणि मेहुणे लंडनच्या पिनर उपनगरात राहतात. भाचीचा जन्म इथलाच. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. तीन वर्षे तिने लंडनमध्ये टॅक्सचे काम करणाऱ्या एका फर्ममध्ये नोकरी केली. आदल्या ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला, लिलावात निघालेली शाळेची एक जुनी बस घेतली, आतली बाके उपटून टाकली आणि तिच्यात राहायला गेली. त्यानंतर ती पिनरला दोनदा आली. एकदा थंडीचे कपडे न्यायला आणि एकदा भांडायला.

शनिवारी ताईने मला, मी राहतो त्या स्लाऊहून, बोलावून घेतले. ओट्यावर स्टीलचा उंच डबा तयार होता. त्यात थालीपिठाची भाजणी होती.

"सहा वर्षं मी तिला शाळेत चालत सोडलं," ताई म्हणाली. "पावसात, स्नोमध्ये. स्कूल बस फ्री होती, तरी पाठवलं नाही. आणि आता ही कार्टी त्या बसमध्येच जाऊन राहिली."

मेहुणे पेपर वाचत होते. "चालत नेलंस, त्याचाच सूड असेल," ते म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या असल्या बोलण्यानंच गेली ती."

मेहुण्यांनी पान उलटले. ताईने डबा माझ्याकडे सरकवला.

"तू मामा आहेस. माझं ती ऐकत नाही. यांचं कुणीच ऐकत नाही. उद्या जा आणि थंडीच्या आत घरी येणार का, विचार. जमलं तर घेऊनच ये."

"ताई, ती सव्वीस वर्षांची आहे."

"किती वर्षांची आहे ते मला माहितीये. मी होते तिथे."

डब्याच्या झाकणावर ताईचे लग्नानंतरचे नाव कोरलेले आहे. पुण्याहून आलेल्या रुखवतातला तो शेवटचा डबा. आमच्या घरात भरून आलेला डबा रिकामा परत देत नाहीत. काहीच नसले तर चमचाभर साखर घालून देतात. पिनरला शेजारणीचा डबा परत करताना साखर घालायचे काम भाचीकडे असे. ती स्टुलावर चढून ते करी. हे मी पाहिलेले आहे.

रविवारी सकाळी निघालो. एम-फोर महामार्गावरून आणि नंतर लहान रस्त्यांनी सव्वादोन तास लागले. गावाच्या अलीकडे विजेच्या खांबांवर हाताने लिहिलेले कागद लावलेले होते. एकावर "आमचे गाव, त्यांची घाण" असे होते, दुसऱ्यावर नुसते "चालते व्हा". गावातल्या एकमेव दुकानाच्या दारावर, बसवाल्या लोकांना एका वेळी दोघांहून जास्त आत घेतले जाणार नाही, अशी सूचना होती. सूचना टाइप केलेली होती आणि शुद्ध होती.

शेताच्या फाटकावर एक फळी टांगलेली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिले होते: "पाहुणा तुमचा, चूक तुमची." फाटकात खुर्ची टाकून एक उंच माणूस बसला होता. तो उठला नाही.

"कौन्सिल?" त्याने विचारले.

"नाही."

"पेपर?"

"पूर्वी होतो. आता नाही."

"मग आता कोण?"

"इथे एक मुलगी राहते. तिचा मामा."

"म्हणजे त्याहून वाईट," तो म्हणाला. त्याने आत कुणाला तरी हाक मारली.

भाची आली. हात कोपरापर्यंत काळे होते. तिने आधी माझ्या हातातला डबा पाहिला आणि मग मला.

"हा तुझा का?" फाटकावरच्या माणसाने विचारले.

"हो," ती म्हणाली. "माझा."

खुर्चीमागे एक मोठी पाटी होती. शाळेत असते तशीच, बहुधा शाळेतलीच. तिच्यावर खडूने राहणाऱ्यांची नावे होती आणि काहींच्या खाली पाहुण्यांची. त्याने भाचीच्या नावाखाली माझे नाव लिहिले, स्पेलिंग विचारून. फळीवरचे वाक्य म्हणजे तिथला नियम होता. पाहुण्याने काही मोडले, चोरले, कुणाला त्रास दिला, तर जबाबदारी ज्याच्या नावाखाली तो आहे त्याची. भाचीने हे मला चालता चालता सांगितले, मराठीत, जेणेकरून इतरांना कळू नये.

"म्हणून प्लीज, मामा, काही करू नको. फक्त बस. खा. जा."

मग मी फाटकाबाहेरची गाडी आत आणून कुंपणाला लावली आणि उतरण्याआधी मोजणी केली.

ही सवय जुनी आहे. पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना एका एसटीच्या अपघातात दगावलेल्यांचा आकडा मी फोनवर ऐकून छापला होता. आकडा चुकीचा होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर खुलासा द्यावा लागला आणि त्याहीआधी, सकाळी सात वाजता, मी मृतांत मोजलेला एक माणूस स्वतः कचेरीत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. तेव्हापासून कुठेही गेलो की आधी मोजतो. नोकरी बदलली, आता स्लाऊला यंत्रांची माहितीपुस्तके लिहितो, तरी खिशात वही असते.

वहीत लिहिले ते असे. एकूण वाहने बावीस. त्यांपैकी राहती सतरा: चौदा शाळेच्या जुन्या बस, दोन घोडे नेण्याच्या गाड्या, एक फिरत्या वाचनालयाची व्हॅन. उरलेल्या पाच साध्या मोटारी, त्यांत माझी एक. चौदा बसपैकी एक अमेरिकेहून आणलेली, पिवळी, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली. बाकीच्या पांढऱ्या किंवा पूर्वी पांढऱ्या असलेल्या.

"पेन आत ठेव," कुणीतरी म्हणाले.

खिडकीबाहेर साठीच्या पुढची एक बाई उभी होती. केस पूर्ण पांढरे, अंगात मेकॅनिक घालतात तसा बॉयलर सूट. भाचीने तिची ओळख करून दिली. ती पूर्वी शाळेची बस चालवायची. आता या सगळ्यांच्या बस दुरुस्त करायची. वर्षातून एकदा हे लोक आठवडाभर एकत्र जमत ते मुख्यतः तिच्यासाठी. ज्याच्या गाडीला जे झाले असेल ते इथे दुरुस्त होई आणि मोबदल्यात प्रत्येक जण आपल्याला येते ते काम करी. भाची सगळ्यांचे सरकारी फॉर्म भरून देत होती.

"काय लिहिलंस?" त्या बाईने मला विचारले.

"गाड्या मोजल्या."

"कशासाठी?"

"सवय आहे."

"इथे गाड्या मोजतात ते लोक नंतर पत्र पाठवतात," ती म्हणाली आणि भाचीच्या बसखाली गेली.

बसचा क्लच गेला होता. शुक्रवारी ती पिवळ्या बसने ओढून इथवर आणली होती. गिअरबॉक्स उतरवून गवतावर ठेवलेला होता. नवी क्लच प्लेट टपालाने मंगळवारी यायची होती. मंगळवारी बसवायची आणि बुधवारी सगळ्यांनी निघायचे, असे ठरले होते. तोपर्यंत बस जागची हलू शकत नव्हती. भाचीचे त्या बसबाहेर काहीही नव्हते. पिनरच्या तिच्या खोलीत मेहुण्यांनी व्यायामाची सायकल आणून ठेवली होती.

बसमध्ये शिरताना कठडा माझ्या मांडीला लागला. तो आठ वर्षांच्या मुलाच्या हाताला येईल इतक्याच उंचीचा होता. आत मागच्या बाजूला पलंग, मधे लोखंडी शेगडी, पुढे ओटा. ड्रायव्हरच्या मागचे एक बाक तिने ठेवले होते. बाकाच्या पाठीवर मुलांनी कंपासने कोरलेली आद्याक्षरे होती. दारावरच्या पट्टीवर अजून लिहिलेले होते: एकेचाळीस आसने, उभे प्रवासी नाहीत.

मी बाकावर बसलो. ती उभी राहिली.

"आईने पाठवला ना?"

"हो."

"घेऊन ये म्हणाली?"

"थंडीच्या आत येणार का, विचार म्हणाली. जमलं तर घेऊन ये म्हणाली."

"सांग तिला, गेला विंटर मी इथेच काढला. मेले नाही." तिने डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावले. "माझा बस, माझा घर. बघितलास ना? ठीक आहे ना? आता तिला सांग बघितलं म्हणून."

"तुझ्या वडिलांनी तुझ्या खोलीत सायकल ठेवलीये."

"बाबा सायकल चालवतात?"

"नाही. त्यावर टॉवेल वाळत घालतात."

ती हसली नाही, पण वळून ओट्याकडे गेली. भाजणी तिने एका मोठ्या काचेच्या बरणीत ओतली आणि डबा धुऊन पालथा घातला. दुपारी शेगडीवर थालीपिठे लावली. सात-आठ लोक दाराशी आले, घेऊन गेले. माझ्याशी कुणी बोलले नाही. फाटकावरचा माणूस म्हणाला, "छपराला लावायला चांगलं आहे," आणि दुसरे मागितले. पांढऱ्या केसांच्या बाईने बसखालून हात बाहेर काढून तीन घेतली.

साडेतीनला दूध संपले. दुकान चारला बंद होत असे.

"तू जा," भाची म्हणाली. "आम्हाला बघून ते काउंटरला कुलूप लावतात. तू गेलास तर देतील. तू रिस्पेक्टेबल दिसतोस."

दुकानात दूध मिळाले. दुकानदाराने हवापाण्याबद्दलही दोन वाक्ये बोलून घेतली. बाहेर बाकावर एक सत्तरीतला गृहस्थ बसला होता. नीट दाढी केलेला, शेजारी लॅब्रॅडॉर कुत्रा, मांडीवर सह्यांचे कागद.

"तुम्ही त्यांच्यातले नाही," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"भेटायला आलोय."

"बिचारे. डॉक्टर आहात का?"

"नाही."

"आमच्या चर्चच्या नळाचं पाणी नेतात. मांजरं गायब होतात. पन्नास बस आहेत तिथे, पन्नास."

"पन्नास नाहीत," मी म्हणालो.

"मला सांगू नका. माझ्या वरच्या खिडकीतून दिसतं. पन्नास, कदाचित साठ."

मी दुधाची पिशवी बाकावर ठेवली. खिशातून वही काढली.

"बावीस वाहनं आहेत," मी म्हणालो. "लोक राहतात अशी सतरा. चौदा शाळेच्या बस, दोन घोड्यांच्या गाड्या, एक वाचनालयाची व्हॅन. उरलेल्या पाच मोटारी."

त्याने मला पुन्हा सांगायला लावले. मी पुन्हा सांगितले, सावकाश. त्याने सह्यांच्या कागदाच्या मागे लिहून घेतले आणि वाचून दाखवले. मी बरोबर आहे म्हणालो.

"धन्यवाद," तो म्हणाला. "आकडा बरोबर असलेला बरा."

मलाही तसेच वाटले. पन्नास हा आकडा त्या लोकांवर अन्याय करणारा होता आणि मी तो निम्म्याहून कमी केला होता. परत आल्यावर मी हे भाचीला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही घडले असे मला वाटले नाही. रात्री मी बाकावर झोपलो. सोमवारची रजा टाकलेली होती. सकाळी तिच्याशी पुन्हा एकदा बोलायचे आणि दुपारी निघायचे, असा बेत होता.

सोमवारी साडेदहाच्या सुमारास फाटकाशी तीन गाड्या थांबल्या. जिल्हा कौन्सिलचा एक अधिकारी, पोलिसांची एक गाडी आणि आपल्या लँडरोव्हरमध्ये त्या शेताचा मालक. अधिकारी तरुण होता. पायात नवे गमबूट होते. सगळे फाटकाशी जमले. मीही गेलो.

अधिकाऱ्याने सांगितले ते असे. शेतमालकाने कौन्सिलला रीतसर कळवले होते: बुधवारपर्यंत, राहत्या गाड्या पंधरा. त्या अटीवर कौन्सिलने हरकत घेतलेली नव्हती. गावातून तक्रारी येत होत्या. कुणी चाळीस म्हणे, कुणी साठ, एकाने शंभर लिहिले होते. आकडे जुळत नाहीत आणि अशक्य दिसतात म्हणून ऑफिसने त्या बाजूला ठेवल्या होत्या.

"कालची वेगळी आहे," तो म्हणाला आणि कागद उघडून वाचला. "वाहने बावीस. राहती सतरा. शाळेच्या बस चौदा, घोड्यांच्या गाड्या दोन, वाचनालयाची व्हॅन एक. मोटारी पाच."

क्रम माझा होता. शब्दही माझेच होते.

पंधराची अट मला कुणी सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती. डेस्कवर एखाद्या नवशिक्याने नुसता आकडा आणून ठेवला असता, तर मर्यादा किती हे मी त्याला पहिल्यांदा विचारले असते.

पांढऱ्या केसांच्या बाईने माझ्याकडे पाहिले. मग भाचीने पाहिले. मग, एकेक करून, बाकीच्यांनी.

"मामा," भाची हळू म्हणाली. "तू सांगितला?"

"हो. दुकानाबाहेर. एक जण पन्नास म्हणत होता."

"मग म्हणू दे ना पन्नास. पन्नास कोणी बिलीव्ह करत नव्हतं."

"खोटं होतं ते."

"तेच तर चांगलं होतं."

शेतमालक मध्येच बोलला. तो आतापर्यंत जमिनीकडे पाहत होता. "मला यात ओढू नका. मी पंधरा म्हणालो होतो. चारपर्यंत पंधरा झाल्या तर बुधवारपर्यंत राहा. नाही झाल्या तर सगळे निघा."

अधिकाऱ्याने ते मान्य केले आणि वेळ लिहून घेतली.

म्हणजे दोन गाड्या निघायला हव्या होत्या. घोड्यांच्या गाडीवाला एक माणूस म्हणाला की तो तसाही उद्या निघणार होता, आजच निघतो. दुसरी कोणती, ते ठरायचे होते. फाटकावरच्या माणसाने पाटी उचलली आणि लोकांकडे तोंड करून खुर्चीवर ठेवली. भाचीच्या नावाखाली माझे नाव होते. खडूचे अक्षर स्वच्छ होते.

"तिचा गिअरबॉक्स गवतावर पडलाय," पांढऱ्या केसांची बाई म्हणाली. "प्लेट उद्या येईल. एक दिवस थांबलं तर काय होतं?"

"नियम तूच लिहिलास," तो म्हणाला. "फळी तू रंगवलीस."

"हो, मीच रंगवली. म्हातारीच्या हातात ब्रश देऊ नये."

एका तरुण बाईने, जिचे फॉर्म आदल्या दिवशी भाचीने भरून दिले होते, मागून विचारले, "त्या मामाला आत घेतला कुणी?"

"मी," भाची इंग्रजीत म्हणाली. "मीच जाते. पंधरा होतील."

मी म्हणालो की चूक माझी आहे, तिची नाही. फाटकावरचा माणूस म्हणाला, "तेच लिहिलंय. पाहुणा तिचा." आणि फळीकडे बोट केले.

गिअरबॉक्स चौघांनी मिळून बसमध्ये चढवला. चढवणाऱ्यांत पाटी दाखवणारा तो माणूसही होता. बस बाहेरच्या रस्त्यावर उभी करायला पोलिसांनी मनाई केली. रस्ता अरुंद होता. मोठ्या गाड्या ओढणारी कंपनी आठ मैलांवर सापडली. फोन मी केला. त्यांनी साडेतीन-चारची वेळ दिली.

तोपर्यंत भाची बसमधले सामान बांधत होती. बरणी तिने उशांमध्ये ठेवली. मी दारात उभा होतो.

"ट्रकवाले बस त्यांच्या यार्डात ठेवतील," मी म्हणालो. "तू माझ्या गाडीत चल. पिनरला चार दिवस राहा. प्लेट आली की बघू."

तिने दोरीची गाठ मारली आणि मगच वर पाहिले.

"हेच करायला आला होतास ना तू?"

"नाही."

"आई म्हणाली घेऊन ये. आता माझ्याकडे बस नाही. म्हणजे मी येणार. गुड प्लॅन."

"मोजायला तिनं सांगितलं नव्हतं."

"माहितीये," ती म्हणाली. "तू लाय नाही करत. तोच प्रॉब्लेम आहे. तुला खरं बोलायचं असतं, मग समोर कोणी पण असू दे."

तिने ओट्यावरचा डबा उचलून माझ्या हातात दिला. झाकण लावलेले होते. हलका लागला. मी तिच्यासमोर उघडून पाहिला. आत काही नव्हते. डबा पुसून कोरडा केलेला होता. साखरेची बरणी तिच्या कोपराजवळ होती, हातभर अंतरावर.

"आईला दे," ती म्हणाली. "असाच दे."

ट्रक चारला आला. चार वाजून दहा मिनिटांनी बस फाटकातून बाहेर पडली. गावातले दहा-बारा लोक रस्त्यावर जमले होते. लॅब्रॅडॉरवाला गृहस्थ त्यांच्यात होता. त्याने मला पाहून हात वर केला. मी केला नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दोन-चार जणांनी साथ दिली आणि थांबले. फाटकावरच्या माणसाने पाटीवरून आधी माझे नाव पुसले, मग भाचीचे. मोजायचे कारण नव्हते, तरी मी मोजल्या. आत राहत्या गाड्या पंधरा उरल्या होत्या.

पांढऱ्या केसांची बाई माझ्या गाडीपर्यंत आली.

"यार्डाचं नाव काय?" तिने विचारले.

मी वहीतून पान फाडून नाव आणि पत्ता लिहून दिला. तिने तो वाचला आणि कागद घडी करून बॉयलर सूटच्या खिशात ठेवला.

"या वेळी बरोबर आहे ना?"

"हो."

"मग जा आता," ती म्हणाली.

रात्री आठला पिनरला पोचलो. दार ताईने उघडले. तिने माझ्या मागे गाडीकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे. डबा घेतला, तळहातावर एकदा तोलला. झाकण उघडले नाही.

"रिकामा दिला?"

"हो."

"तिनं दिला की तू मागितलास?"

"तिनं दिला."

ताई आत गेली. मी स्वयंपाकघरात बसून घडलेले सगळे क्रमाने सांगितले. मेहुणे दारात उभे राहून ऐकत होते.

"तुला काय सांगितलं होतं मी?" ताई म्हणाली. "एक प्रश्न विचार म्हणाले होते. एकच. तू तिथं जाऊन जनगणना केलीस."

"एवढा हिशेबी मामा असल्यावर शत्रू कशाला हवा," मेहुणे म्हणाले.

"तुम्ही ती सायकल काढा आधी तिथनं," ताई म्हणाली. मेहुणे गेले. वरून टॉवेल खाली पडल्याचा आणि काहीतरी ओढल्याचा आवाज आला.

ताई माझ्याकडे वळली. "किती होत्या म्हणालास?"

"सतरा."

"आणि त्यातली आपली?"

"सतरावी. शेवटी आलेली तीच होती."

तिने डबा फळीवर ठेवला, बाकीच्या डब्यांच्या रांगेत, आणि चहाचे विचारले नाही. मी स्लाऊला परतलो.

मंगळवारी आणि बुधवारी मी भाचीला फोन केला. तिने उचलला नाही. ताईने केला, तोही उचलला नाही. शुक्रवारी सकाळी मी यार्डात फोन लावला. फोनवरच्या माणसाने रजिस्टर पाहिले. ती बस आता यार्डात नाही, तो म्हणाला. बुधवारी संध्याकाळी एक पांढऱ्या केसांची बाई पिवळ्या बसने आली, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या. तिच्याकडे टपालाचे एक पार्सल होते. ती आणि बसमधली मुलगी रात्री यार्डातच राहिल्या. एरवी परवानगी देत नाही, पण बाई ऐकेना. गुरुवारी दिवसभर त्या दोघी बसखाली होत्या. पावणेपाचला बस स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडली, पिवळी बस तिच्या मागे.

कुठे गेली, ते मी विचारले.

ते त्याला माहीत नव्हते. फाटकातून बाहेर पडून ती डावीकडे वळली, एवढे त्याने पाहिले होते.